खाण्याच्या विकारांविषयी वाचायचे असेल तर: काय शोधावे, कोणी वाचावे, कसे पारखावे

घरातील एखादी व्यक्ती जेवणाची वेळ टाळू लागली, किंवा लपून भरमसाट खाऊन नंतर उलटी काढू लागली, की घरचे लोक आधी समजावतात, मग रागावतात, मग अंबाबाईला साकडे घालतात, आणि इतके करूनही काही फरक पडला नाही म्हणजे कोणीतरी रात्री उशिरा मोबाइल हातात घेऊन शोधायला बसते. माझ्या बहिणीच्या घरी, कोल्हापूरच्या राजारामपुरीत, हे शोधण्याचे काम माझ्याकडे आले, कारण घरात पुस्तकांशी रोजचा संबंध असलेली मी एकटीच होते. पुढच्या दीड वर्षात मी या विषयावर जे वाचले त्यातले बरेचसे निरुपयोगी होते, काही चक्क घातक होते, आणि थोडेसे इतके मोलाचे होते की ते सहा महिने आधी हाती पडले असते तर माझ्या भाचीचे पुष्कळ हाल टळले असते असे मला आजही वाटते. ते थोडेसे कसे ओळखावे, हे ज्यांच्या घरी आज तीच वेळ आली आहे त्यांच्यासाठी लिहीत आहे. पारख करण्याची माझी कसोटी एकच आहे: ते वाचून झाल्यावर घरातल्या पुढच्या जेवणाला काय घडले.

वाचनाच्याही आधी एक गोष्ट पाहून घ्यावी. चक्कर येऊन पडणे, छातीत धडधडणे, उठून उभे राहताना डोळ्यांपुढे अंधारी येणे, नाडी फार मंद लागणे, दिवसातून अनेकदा उलट्या होणे, उलटीत रक्त दिसणे, पाणीसुद्धा नको म्हणणे, किंवा जगावेसे वाटत नाही असे बोलणे, यांपैकी काहीही असेल तर पुस्तक मिटून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. वारंवार उलट्या झाल्याने रक्तातील पोटॅशियम उतरते आणि त्याचा परिणाम थेट हृदयाच्या ठोक्यांवर होतो. माणूस बाहेरून ठीकठाक दिसत असतानाही हे घडू शकते. ज्या मानसिक आजारांत मृत्यूचे प्रमाण सर्वांत जास्त आहे त्यांत ॲनोरेक्सियाची, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणे तोडण्याच्या आजाराची, गणना होते, त्यामुळे ‘आधी सगळे वाचून घेऊ, मग दवाखान्याचे बघू’ हा क्रम चुकीचा आहे. याच्या उलट बाजूचाही धोका आहे. फार दिवस उपाशी राहिलेल्या माणसाला घरच्या घरी एकदम भरपूर खाऊ घातले तर रक्तातील फॉस्फेट झपाट्याने खाली येऊन जिवावर बेतू शकते. याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात, आणि म्हणूनच खाणे पुन्हा वाढवण्याची सुरुवात डॉक्टरांच्या देखरेखीखाली करावी लागते. कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागापासून सुरुवात करता येते. घराबाहेर पडणेच अवघड असेल तर केंद्र सरकारची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा आहे. क्रमांक १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, मोफत, रात्रंदिवस उपलब्ध, आणि मराठीतून बोलता येते.

आता शोधण्याविषयी. पहिली अडचण नावाचीच येते. मराठीत या आजारांसाठी एक ठरलेला शब्द नाही. कोणी ‘खाण्याचे विकार’ लिहितो, कोणी ‘आहारविकार’, तर कोणी सरळ ‘ईटिंग डिसऑर्डर’. इंटरनेटवर मराठीत ‘खाणे’ आणि ‘वजन’ हे शब्द एकत्र टाकले की वजन घटवण्याचे उपाय समोर येतात, आणि ‘भूक लागत नाही’ असे टाकले की भूक वाढवणाऱ्या चूर्णांच्या जाहिराती येतात. ज्या मुलीला अन्नाची भीती बसली आहे तिच्या आईला या दोन्हींचा काही उपयोग नाही. म्हणून आजारांची मूळ नावे माहीत करून घेऊन तीच इंग्रजी लिपीत टाकून शोधावे: ॲनोरेक्सिया नर्व्होसा; बुलिमिया नर्व्होसा, ज्यात भरमसाट खाऊन नंतर उलटी वगैरे करून ते बाहेर काढले जाते; बिंज ईटिंग डिसऑर्डर, ज्यात अनावर भरमसाट खाल्ले जाते पण ते बाहेर काढले जात नाही; आणि लहान मुलांमध्ये अनेकदा दिसणारा आर्फिड, ज्यात वजनाची चिंता नसते पण अन्नाचा स्पर्श, वास किंवा घशात अडकण्याची भीती यांमुळे खाणे फार आकुंचन पावते.

यातले पहिले नाव फसवे आहे, हे लक्षात ठेवावे. एकोणिसाव्या शतकात, १८७३-७४ च्या सुमारास, लंडनचे डॉक्टर विल्यम गल यांनी या आजाराला ‘ॲनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव दिले आणि त्यातल्या ‘ॲनोरेक्सिया’चा अर्थ होतो ‘भूक नसणे’. मराठीत त्याचे ‘क्षुधानाश’ असे भाषांतर आढळते. प्रत्यक्षात बहुतेक रुग्णांना भूक असते, कधी कधी इतकी असते की दुसरे काही सुचत नाही, पण खाण्याची आणि वजन वाढण्याची भीती त्या भुकेपेक्षा मोठी झालेली असते. आमच्या घरी पहिले तीन महिने ‘तिला भूकच लागत नाही’ या समजुतीत गेले, आणि त्या तीन महिन्यांत आम्ही टॉनिकच्या बाटल्या आणत राहिलो.

पुस्तक हाती आले की त्याचे प्रकाशनवर्ष पाहावे, आणि हे मी नुसत्या शिस्तीपोटी सांगत नाही. बुलिमियाचे वेगळा आजार म्हणून वर्णन जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये केले. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेची निदानसूची, जी जगभर डीएसएम या नावाने ओळखली जाते, तिची पाचवी आवृत्ती २०१३ मध्ये आली, आणि तेव्हा कुठे बिंज ईटिंगला स्वतंत्र आजाराचे स्थान मिळाले. त्याच आवृत्तीत ॲनोरेक्सियाच्या निदानासाठी मासिक पाळी बंद झालेली असलीच पाहिजे ही जुनी अटही काढून टाकण्यात आली. म्हणजे २०१३ पूर्वीचे पुस्तक वाचून एखादी आई ‘हिची पाळी तर नियमित आहे, मग हा आजार नव्हे’ असे समजून निश्चिंत होऊ शकते, आणि मुलाच्या बाबतीत तर असा आजार असू शकतो हे तिच्या मनातही येणार नाही. तालमीत वजनी गटासाठी वजन उतरवणाऱ्या पोरांच्या शहरात हे विशेष ध्यानात ठेवायला हवे. कुस्तीच्या आधी पाणी तोडणे आणि घामाचे कपडे घालून पळणे हे प्रत्येकाच्या बाबतीत आजार ठरत नाही. पण स्पर्धा संपल्यानंतरही जो मुलगा ताटाकडे संशयाने पाहतो, खाल्ल्यावर लगेच जोर-बैठका काढायला उठतो आणि काटा रोज तीनदा पाहतो, त्याच्या घरच्यांनी हे वाचन आपल्यासाठीही आहे असे समजावे.

यानंतर मजकूर पारखण्याच्या दोन-तीन खुणा सांगते. जो लेख अमुक दिवसांत बरे करण्याची हमी देतो तो बाजूला ठेवावा. जो लेख शेवटी काही पावडर, चहा किंवा आहाराचा तक्ता विकतो तोही ठेवून द्यावा. जो फक्त हाडांचा सापळा झालेल्या मुलीचे छायाचित्र दाखवून ‘हा आजार असा दिसतो’ असे सांगतो, तो अर्धवट आहे, कारण बुलिमिया किंवा बिंज ईटिंग असलेल्या अनेकांचे वजन सर्वसाधारण किंवा जास्त असते, आणि खूप वजन वेगाने उतरलेला माणूस काट्यावर ‘नॉर्मल’ दिसत असतानाही गंभीर आजारी असू शकतो. ब्रिटनमधील नाइस या संस्थेने २०१७ मध्ये या विकारांवर प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांतही केवळ बीएमआयच्या, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते दाखवणाऱ्या, आकड्यावरून उपचार द्यायचे की नाही ते ठरवू नये असे स्पष्ट म्हटले आहे. त्या सूचना इंटरनेटवर फुकट वाचता येतात, आणि त्यांची भाषा थोडी रूक्ष असली तरी डॉक्टरांशी बोलताना पायाखाली जमीन असल्यासारखे वाटते.

सगळ्यांत मोठी खूण मात्र दोषाची आहे. मजकूर आईला दोष देतो का, हे पाहावे. गेल्या शतकातील बरेच लेखन आईवर, तिच्या धाकावर किंवा तिच्या मायेच्या अतिरेकावर बोट ठेवत असे, आणि त्याचे प्रतिध्वनी मराठी सदरांतून व व्हॉट्सॲपवरच्या मजकुरातून अजून ऐकू येतात. आजचे ज्ञान तसे सांगत नाही. जुळ्यांच्या अभ्यासांतून या आजारांत अनुवंशिकतेचा वाटा दिसला आहे, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय संशोधनात ॲनोरेक्सियाशी निगडित आठ जनुकीय स्थाने सापडली, आणि या क्षेत्रातील तज्ज्ञांच्या ॲकॅडमी फॉर ईटिंग डिसऑर्डर्स या आंतरराष्ट्रीय संस्थेने कुटुंबाला मूळ कारण मानण्याला जाहीर विरोध केला आहे. माझ्या बहिणीने, म्हणजे ताईने, सुरुवातीला कोणीतरी पाठवलेला ‘आईच्या अपेक्षांचे बळी’ अशा धाटणीचा एक लेख वाचला. त्या रात्री तिने स्वयंपाक केला, सगळ्यांना वाढले, आणि स्वतः न जेवता ओटा पुसत राहिली. मुलीच्या शेजारी बसून तिला घास संपवायला धीर देण्याची जिची जबाबदारी होती, तीच त्या जेवणाला उठून गेली होती. माझ्या कसोटीवर तो लेख तिथेच नापास झाला.

यावरून मी असे म्हणते की हे वाचन आधी घरच्यांनी करावे, रुग्णाने नंतर. रुग्णाच्या हाती पुस्तक देऊन ‘वाच आणि सुधार’ म्हणणे सोपे असते, पण उपाशी मेंदू वाचू शकत नाही. एकाग्रता टिकत नाही, आणि टिकलीच तर ती भलतीकडे जाते. हे समजण्यासाठी एका जुन्या प्रयोगाविषयी आवर्जून वाचावे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांच्या देखरेखीखाली ३६ निरोगी तरुणांनी स्वेच्छेने २४ आठवडे अर्धपोटी राहण्याचे मान्य केले. उद्देश होता युद्धात उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसे खाऊ घालावे ते शिकण्याचा. या तरुणांना आधी खाण्याचा कोणताही विकार नव्हता, तरी उपासमार वाढत गेली तसे ते दिवसरात्र अन्नाविषयी बोलू लागले, पाककृतींची पुस्तके गोळा करू लागले, एकेक जेवण खूप वेळ लांबवू लागले, चिडचिडे, उदास आणि एकलकोंडे झाले, आणि पुन्हा भरपूर अन्न मिळू लागल्यावर काहींना किती खाल्ले तरी थांबता येईना.

मी हे वाचले तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ताईचे स्वयंपाकघर आले. माझी भाची रोज संध्याकाळी मोबाइलवर केकच्या आणि पनीरच्या पाककृती पाहत असे, रविवारी सगळ्यांसाठी पांढरा रस्सा करायची, वाढताना प्रत्येकाच्या वाटीवर लक्ष ठेवायची, आणि स्वतःच्या ताटात चतकोर भाकरी घेऊन तिचे नखाएवढे तुकडे करून ते वाटीच्या कडेखाली सरकवत राहायची. ‘मावशी, मी मैत्रिणीकडं खाऊन आलोय,’ असे ती म्हणे. इतका चांगला स्वयंपाक करणारी मुलगी अन्नाचा तिटकारा कसा करेल, असे आम्हाला वाटायचे. कोणी तिला नाटकी म्हणायचे. त्या प्रयोगाची हकिगत मी ताईला आणि भाऊजींना मराठीत सांगितली, आणि दुसऱ्या दिवसापासून भाऊजींचे ‘मुद्दाम करते’ हे वाक्य बंद झाले. पुढच्या जेवणाला आरडाओरडा झाला नाही. ती जास्त जेवली असे नाही, पण ताटावरून उठून गेली नाही.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगते, कारण ती टाळता येण्यासारखी आहे. मी तिच्यासाठी एका परदेशी लेखिकेचे आत्मकथन मागवले. आजारात गेलेली वर्षे आणि शेवटी बरे होणे, असा त्याचा आराखडा होता. तिला धीर येईल असे मला वाटले. तिने ते तीन दिवसांत संपवले याचा मला आनंदही झाला. महिनाभराने मी ते पुस्तक उघडले तेव्हा पानापानांवर पेन्सिलीच्या बारीक रेघा होत्या, आणि त्या सगळ्या आकड्यांखाली होत्या. लेखिकेचे सर्वांत कमी झालेले वजन, दिवसाला खाल्लेल्या कॅलरी, पळण्याचे किलोमीटर, लपवण्याच्या युक्त्या. बरे होण्याच्या शेवटच्या तीन प्रकरणांत एकही रेघ नव्हती. त्या महिन्यात तिचे रंकाळ्याभोवती सकाळ-संध्याकाळ फेऱ्या मारणे वाढले होते, हे तेव्हा माझ्या लक्षात आले. या आजाराला तुलना लागते, आणि असे पुस्तक त्याला ती पुरवते. म्हणून ज्या मजकुरात वजनाचे, मापांचे किंवा कॅलरींचे आकडे आहेत, ज्यात ‘आधी’ आणि ‘नंतर’ची छायाचित्रे आहेत, किंवा ज्यात न खाण्याच्या अथवा उलटी काढण्याच्या पद्धती तपशिलाने सांगितल्या आहेत, तो आजाराच्या ऐन भरात असलेल्या व्यक्तीच्या हाती देऊ नये, मग त्याचा शेवट कितीही गोड असो. आत्मकथन द्यायचेच असेल तर आधी स्वतः पूर्ण वाचावे, आणि बरे होण्याच्या काळाविषयीची पाने तेवढी निवडून वाचून दाखवावीत. मोबाइलवर काय दिसते तेही पाहावे. उपाशी राहण्याचा गौरव करणाऱ्या टोळ्या समाजमाध्यमांवर आहेत, आणि एकदा तसला व्हिडिओ पाहिला की त्याच्यासारखे आणखी समोर येत राहतात.

मग घरच्यांनी नेमके काय वाचावे? आजारी व्यक्ती कुमारवयीन असेल आणि आजार ॲनोरेक्सियाचा असेल, तर कुटुंबाच्या मदतीने करावयाच्या उपचाराविषयी वाचावे. या पद्धतीचा पाया लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात घातला गेला. तिचे सूत्र असे की सुरुवातीच्या टप्प्यात काय आणि किती खायचे हा निर्णय आजारी मुलाकडून तात्पुरता आईवडिलांनी आपल्याकडे घ्यायचा, मुलाला दोष न देता आजाराला वेगळे मानायचे, आणि वजन सावरत गेले तसा तो निर्णय हळूहळू त्याच्या हाती परत द्यायचा. जेम्स लॉक आणि डॅनिएल ल ग्रांज यांचे ‘हेल्प युअर टीनएजर बीट ॲन ईटिंग डिसऑर्डर’ हे पालकांसाठी लिहिलेले पुस्तक याच पद्धतीवर आहे. सर्वांत नवी आवृत्ती घ्यावी. व्यक्ती वयाने मोठी असेल, किंवा घरात रोज खटके उडत असतील, तर जेनेट ट्रेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे सांभाळणाऱ्यांसाठीचे पुस्तक अधिक कामाचे आहे. त्यात घरच्यांच्या वागण्याच्या तऱ्हा प्राण्यांच्या रूपकांतून दाखवल्या आहेत: पोटाच्या पिशवीत घालून जपणारा कांगारू, मुसंडी मारणारा गेंडा, वाळूत डोके खुपसणारा शहामृग, भावनेने विरघळणारा जेलीफिश, आणि ज्याच्यासारखे व्हायचे तो बाजूने पोहत हलकेच दिशा देणारा डॉल्फिन. भाऊजींनी स्वतःला गेंडा म्हणून लगेच ओळखले, आणि त्यानंतर जेवताना त्यांचा आवाज चढू लागला की ताई नुसते त्यांच्याकडे पाहत असे. पैसे खर्च करायचे नसतील तर फीस्ट या पालकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या आणि ब्रिटनमधील बीट या संस्थेच्या संकेतस्थळांवर पालकांसाठी भरपूर मजकूर मोफत आहे.

बुलिमिया आणि बिंज ईटिंग यांची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण तेथे पुस्तक हाच उपचाराचा एक भाग होऊ शकतो. नाइसच्या सूचनांप्रमाणे प्रौढ व्यक्तींसाठी मार्गदर्शनासह स्वयंमदत हा पहिला पर्याय मानलेला आहे: वर्तनोपचारावर आधारलेले पुस्तक रुग्णाने स्वतः क्रमाने वापरायचे आणि सोबत जाणकाराबरोबर सुमारे १६ आठवड्यांत ४ ते ९ छोट्या, वीस-वीस मिनिटांच्या बैठका घ्यायच्या. ख्रिस्तोफर फेअरबर्न यांचे ‘ओव्हरकमिंग बिंज ईटिंग’ हे या प्रकारचे सर्वाधिक वापरले गेलेले पुस्तक आहे. १९९५ चे मूळ पुस्तक २०१३ मध्ये सुधारून निघाले. त्याच्या पहिल्या भागात आजार समजावला आहे आणि दुसऱ्या भागात पायरी-पायरीने कार्यक्रम दिला आहे. त्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली पायरी अगदी साधी आहे: दिवसात तीन जेवणे आणि मध्ये दोन-तीन वेळा थोडे खाणे ठरलेल्या वेळी घ्यायचे, मध्ये चार तासांहून मोठी फट पडू द्यायची नाही, कारण दिवसभर उपाशी राहिल्यानेच रात्रीचा तो अनावर खाण्याचा झटका येतो. पश्चिम ऑस्ट्रेलियातील सेंटर फॉर क्लिनिकल इंटरव्हेन्शन्स या सरकारी संस्थेची अशीच स्वाध्यायपुस्तके इंटरनेटवरून फुकट उतरवून घेता येतात. ॲनोरेक्सियासाठी मात्र केवळ पुस्तकावर विसंबू नये. हा फरक न कळल्याने वेळ वाया जातो.

हे सगळे इंग्रजीत आहे, आणि ज्या घरात आजी स्वयंपाकघर सांभाळते तेथे इंग्रजी पुस्तक कपाटात पडून राहते. यांत्रिक भाषांतरावर भिस्त ठेवू नये. मला मिळालेल्या एका भाषांतरात उलटी किंवा जुलाबाच्या गोळ्यांनी अन्न बाहेर काढण्याला ‘शुद्धीकरण’ असे म्हटले होते. ते वाचून आमच्या आजींना ते काही पुण्याचे काम वाटले असते. मी पुढे असे केले की एकेका प्रकरणाचा सारांश साध्या मराठीत एका फुलस्केप कागदावर लिहून काढला, आकडे गाळले, आणि रविवारी दुपारी ताई, भाऊजी आणि आजी यांना वाचून दाखवला. एका बैठकीला एकच कागद. शेवटी एकच प्रश्न: यातले या आठवड्यात आपण काय करायचे? ठाण्याच्या आयपीएच या संस्थेच्या ‘आवाहन’ या यूट्यूब वाहिनीवर मानसिक आरोग्यावर मराठीतून बोलणाऱ्या तज्ज्ञांचे व्हिडिओ आहेत. वाचनाची सवय नसलेल्यांना ते ऐकवावेत.

कोल्हापुरात पुस्तके कोठे पाहावीत, हेही सांगते. करवीर नगर वाचन मंदिर हे १८५० पासूनचे ग्रंथालय आहे. मराठीतील मानसशास्त्राचे सर्वसाधारण वाचन तेथून सुरू करावे. शिवाजी विद्यापीठाचे ग्रंथालय शैक्षणिक पुस्तकांसाठी पाहावे. ओळखीचा विद्यार्थी किंवा प्राध्यापक असल्यास काम सोपे होते. ग्रंथपालाला विचारताना आजाराचे नाव, लेखकाचे नाव आणि वर्ष कागदावर लिहून न्यावे, म्हणजे ‘डाएटची पुस्तके त्या कपाटात आहेत’ असे उत्तर येत नाही. आपले शहर एवढे मोठे नाही की काउंटरवर कोणी ओळखीचे भेटणार नाही. लाजण्याचे कारण नाही, पण मुलीची गोष्ट तिच्या परवानगीशिवाय गावभर होणेही बरे नाही, म्हणून मी पुस्तकांना जुन्या कॅलेंडरच्या पानांची कव्हरे घालत असे.

कोणत्याही परदेशी पुस्तकात न सापडणारा एक भाग आपल्याला स्वतःच भरावा लागतो, आणि तो म्हणजे आपली घरे. नवरात्रातले नऊ दिवसांचे उपवास, गुरुवार, संकष्टी, यांच्या आडोशाला हा आजार महिनोन् महिने लपू शकतो, कारण उपवास करणाऱ्या मुलीचे कौतुक होते, चौकशी होत नाही. आजाऱ्याला उपवासातून मोकळीक असते हे घरातल्या वडीलधाऱ्यांनीच मोठ्याने सांगावे. ते आईने सांगण्यापेक्षा आजीने सांगितलेले लागू पडते. उलट्यांना ‘पित्त’ म्हणून सोडून देऊ नये. पाहुण्यांचा ‘बारीक झालीस गं’ किंवा ‘अंगानं भरलीस’ हा शेरा, लग्नाच्या स्थळांच्या गोष्टींत निघणारा वजनाचा विषय, आणि आपला तो प्रसिद्ध जेवणाचा आग्रह, हे तिन्ही काही काळ दाराबाहेर ठेवावे लागतात. आग्रह आणि आधार यांत फरक आहे: ठरलेले ताट शांतपणे पूर्ण करायला लावणे हा आधार, ‘माझ्यासाठी एक घास’ म्हणून सगळ्यांसमोर अडवून ठेवणे हा आग्रह. मी माझ्या फुलस्केप कागदांच्या समासात या गोष्टी लाल शाईने लिहीत गेले, आणि तुम्हीही लिहाव्यात.

वाचलेले डॉक्टरांपर्यंत नेण्याचीही रीत आहे. पुस्तक टेबलावर आपटून ‘यात असे लिहिले आहे’ म्हणू नये. एका कागदावर कधीपासून काय दिसते ते तारखांसह लिहावे, आणि त्याखाली तीन प्रश्न: नाडी, रक्तदाब आणि रक्तातील क्षार कधी तपासायचे, वजन कोणी आणि कधी घ्यायचे, आणि खाणे कोणत्या गतीने वाढवायचे. ॲकॅडमी फॉर ईटिंग डिसऑर्डर्सची डॉक्टरांसाठीची वैद्यकीय पुस्तिका इंटरनेटवर मोफत मिळते. तिची प्रत नम्रपणे सोबत द्यावी. एका दवाखान्यात आम्हाला ‘मुलींचे वय असते, होईल बरे’ असे सांगून परत पाठवण्यात आले होते. दुसऱ्या डॉक्टरांनी तो कागद वाचला आणि त्याच दिवशी ईसीजी काढला.

रुग्णाला वाचायला केव्हा द्यावे? खाणे काही आठवडे नियमित झाले, चेहऱ्यावर थोडे तेज आले आणि तिने स्वतःहून ‘मला हे का झालं?’ असे विचारले, की तेव्हा. दोन-चार पाने द्यावीत, रात्री अंथरुणात एकटीने वाचण्याऐवजी दुपारी खाऊन झाल्यावर कोणीतरी जवळ असताना वाचावीत, आणि जेवणाच्या आधीच्या तासात तर हा विषयच काढू नये. वाचून तिचे पुढचे ताट अवघड झाले तर तो मजकूर सध्या बंद, इतका साधा नियम ठेवावा. माझ्या भाचीला पहिल्यांदा मी मिनेसोटाच्या त्या तरुणांची गोष्ट दिली, आकडे गाळून. ती बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, ‘म्हणजे मी वेडी नव्हतो, उपाशी होतो.’

आणि या वाचनाला शेवटही असावा. बरे होण्यास वर्षे लागू शकतात, मध्ये घसरण होते, पण रोज याच विषयावर वाचत राहणारे घर आजाराभोवतीच फिरत राहते. आम्ही शेवटी एकच कागद ठेवला: पुन्हा सुरू होण्याच्या तिच्या स्वतःच्या पाच खुणा, त्या दिसल्यास कोणाला फोन करायचा ते, आणि १४४१६. तो ताईच्या स्वयंपाकघरातल्या फडताळाच्या आतल्या बाजूला चिकटवला आहे. बाकीची पुस्तके, कॅलेंडरच्या कव्हरांसकट, गेल्या उन्हाळ्यात भाचीनेच बांधून मला परत दिली, आणि माझ्या कपाटातून हिमालयातील भटकंतीवरचे एक प्रवासवर्णन घेऊन गेली.